सतराव्या पानावरचा चौकोन

एनिडबाईंनी खोडरबर पर्समधून आणलं होतं. फिरत्या वाचनालयाच्या गाडीत, कादंबऱ्यांच्या फळीला पाठ लावून, त्या एका नऊखंडी कथेच्या पहिल्या खंडाच्या सतराव्या पानावर ते घासत उभ्या होत्या.

"एनिडबाई, पुस्तक वाचनालयाचं आहे," क्लिफर्ड म्हणाला. गाडी चालवायची, पुस्तकं द्यायची, पावसात पायरी पुसायची, ही तिन्ही कामं त्याचीच.

"म्हणून तर साफ करतेय."

"पुस्तकात खूण करायला मनाई आहे."

"आणि खोडायला?"

क्लिफर्डने दारावरची नियमांची पाटी वाचून पाहिली. खोडण्याबद्दल तिच्यात काहीच नव्हतं.

तशी खुणांची मनाईही कोणी पाळत नसे. एका मंगळवाराआड गाडी चॅपलच्या भिंतीपाशी उभी राहायची आणि गावातली सगळी म्हातारी मंडळी, एकदा वाचलेलं पुस्तक चुकून परत घरी जाऊ नये म्हणून, आतल्या एखाद्या पानाच्या तळाशी पेन्सिलीने आपली खूण करून ठेवायची. मॉरीनबाईंचं चाळिसाव्या पानावर फूल असे. गेल्या वर्षी वारलेल्या कर्नलसाहेबांची फुली अजून निम्म्या युद्धकथांत होती. आणि सतराव्या पानावरचा छोटा चौकोन, पोस्टाच्या तिकिटाएवढा, तो विल्फचा. एनिडबाईंच्या नवऱ्याचा. चाळीस वर्षं त्याने या खोऱ्यात टपाल वाटलं होतं.

"ते ड्रॅगनवालं ना?" मॉरीनबाई आपल्या तीन खूनकथा छातीशी धरून म्हणाल्या. "मी वाचलंय एक. सातशे पानं, पण एक माणूस धड मरेल तर शपथ. मेला म्हणावं, तर पुढच्या खंडात दाढी वाढवून हजर. आणि सगळं जग म्हणे त्याच्यामागे वेडं झालंय."

"तुला नाही कळायचं," एनिडबाई म्हणाल्या. स्वतः त्यांनी नऊपैकी एकाही खंडाचं पहिलं पानसुद्धा वाचलं नव्हतं.

पण एकदा त्यांनी विचारलं होतं. घोड्यांना पंख आणि माणसांना अक्कल नाही, एवढं काय आहे रे त्यात? विल्फने मुखपृष्ठामागचा नकाशा उघडला आणि त्यावर बोट ठेवलं. बोट निघालं. बंदरातून, मिठाच्या पुलावरून, पूल ओलांडला की डावीकडे, जिथे घंटा पाण्याखाली वाजते त्या तळ्याच्या काठाने, वर, अजून वर, जिथे नऊच उंबरे आहेत आणि नवव्यात म्हातारी राणी दिवा लावून बसते. खिडकीबाहेर अंधारून आलं तरी बोट चालतच होतं. "या राज्यात असं एक घर नाही," तो म्हणाला होता, "जिथे मला पत्र पोचवता येणार नाही."

आपल्या गावात तो गेल्या महिन्यात दोनदा वाट चुकला होता.

"दहावा खंड कधी येतोय?" एनिडबाईंनी वर न बघता विचारलं.

"लेखक लिहितोय म्हणतात," क्लिफर्ड म्हणाला. "सहा वर्षं झाली म्हणतायत."

"तोवर तो थांबायचा नाही. खूण दिसली की पुस्तक परत ठेवतो. म्हणतो, वाचलंय. मागच्या खेपेला रिकाम्या हाताने गेलो. तर गुरुवारी सपाता घालून घराबाहेर पडला, पिशवीत जुनी बिलं भरून. तीन मैलांवर सापडला. कोणाच्या तरी फाटकापाशी उभा होता आणि फाटकाचा नंबर त्याला ओळखीचा वाटेना." त्यांनी पानावर फुंकर मारली. "नऊ खंड आहेत. पंधरवड्याला एक. चार महिने निघतील."

क्लिफर्डने टेबलावरचा दिवा उचलून त्यांच्याजवळ आणून ठेवला.

बाहेर धुकं टेकडीवरून खाली उतरून निवांत बसलं होतं. चॅपल नव्हतं, भिंत नव्हती, मेंढ्यांचे फक्त आवाज होते. त्या पांढऱ्यातून आधी पेपरमिंटचा वास आला, मग विल्फ. पायरी चढताना त्याने टोपी काढली. पोस्टमन कोणाच्याही दारात असाच काढतो.

"काही आलंय का?"

"हे बघ," एनिडबाईंनी पुस्तक पुढे केलं.

त्याने नाव वाचलं नाही. थेट सतरावं पान काढलं आणि दिव्यासमोर धरलं. तळाशी तिकिटाएवढी जागा बाकीच्या कागदापेक्षा जरा जास्त स्वच्छ होती. तो त्या जागेकडे बराच वेळ बघत राहिला.

"नवीन दिसतंय," विल्फ म्हणाला. "मारा शिक्का."

क्लिफर्डने परतीच्या तारखेचा शिक्का मारला. तो आवाज विल्फने डोळे मिटून ऐकला.

खाली उतरण्याआधी तो थांबला. बायकोच्या बाहीवर खोडरबराचा काळपट भुगा पडला होता. तो त्याने दोन बोटांनी झटकला, टेबलावरचा पावाचा चुरा झटकावा तसा, सावकाश.

"पुढचे आठ जरा हलक्या हाताने खोड," तो म्हणाला. "कागद पातळ आहे."

मग नकाशाचं पान उघडं ठेवून तो धुक्यात उतरला आणि डावीकडे वळला. घर उजवीकडे होतं.

एनिडबाईही डावीकडे वळल्या.