खुशालीची ओळ

सरकारी यंत्र लोकांच्या पोस्ट वाचून निर्णय घेऊ लागल्यापासून जनार्दन आजोबांनी गावासाठी लिहिलेली ही अकरावी पोस्ट होती. मागणी एकच होती, कातळवाडीला नर्स द्या. उत्तरही दर वेळी एकच यायचं: "गरज आढळली नाही." इकडे त्यांची नात केतकी हिच्या वहिनीला नववा महिना लागला होता.

"थकलो गं आता," म्हणत निवृत्त पोस्टमास्तर आजोबांनी मोबाइल नातीकडे सरकवला.

केतकीने पोस्ट वाचली आणि कपाळावर हात मारला. "अहो आजोबा, सुरुवातीलाच 'आम्ही सर्व खुशाल आहोत' कशाला? ते यंत्र तेवढंच वाचतं आणि आपल्याला सुखी गावांच्या यादीत टाकून मोकळं होतं!"

"अगं, पत्राची सुरुवात अशीच करतात. एकदम रडगाणंच गायचं का?"

तिने ती ओळ काढून टाकली आणि पोस्ट पाठवली. चौथ्या दिवशी नर्सबाई आल्या. पंधरवड्याने वहिनीची सुखरूप सुटका झाली, मुलगी झाली.

आजोबांनी कितीतरी दिवसांनी हसत मोबाइल हातात घेतला. "आता तरी लिहू दे, आम्ही सर्व..."

केतकीने हळूच त्यांचा हात धरला.

"नको, आजोबा. नर्सबाईंना परत नेतील."