तुळशीपुढचा रोडरोलर

भंगारवाल्याला गोदाक्कांनीच बोलावलं होतं. लेकाने, सुदामने, हौसेने आणलेला जुनाट रोडरोलर तुळशीला ऊन लागू देईना, आणि दर रविवारी सुदामसारखेच चार खुळे येऊन त्या लोखंडाला तेल पाजायचे. "सून आणायची सोडून हे धूड आणलंस," आक्का रोज सुनवायच्या.

भंगारवाल्याने चाकाला लाथ हाणली. "आक्का, ह्यात काय राह्यलंय? निस्ता गंज."

सुदामने मान खाली घातली. आक्कांनी पदर खोचला.

"लाथ कुणाला मारतोस रे? त्याला नावं ठेवायला मी आहे घरात. नीघ."

तो गेल्यावर आक्का मीठमोहऱ्या घेऊन बाहेर आल्या. "बघतोस काय सुदाम, शिडी आण," त्या म्हणाल्या. "एवढ्या थोराडाची दृष्ट काढायची तर हात पुरायला नको?"