दुसरा चमचा

सकाळचे ऊन त्याच्या स्वयंपाकघरात यायची कधी घाई करत नसे. आधी ते समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर रेंगाळे, मग खिडकीच्या गजांवरून ओट्यावर उतरे आणि तिथून एकेका वस्तूला हात लावत पुढे सरके. आज उन्हाने चाकूच्या पात्याला हात लावला, भोपळ्याच्या सालींच्या ढिगाला लावला, मिठाच्या उघड्या बरणीला लावला. शेवटी ते पातेल्यावर आले आणि वाफेतून आरपार गेले. आतले सूप पिवळेधमक होते, तळातून एखादाच बुडबुडा आळसावून वर येत होता. त्या उजेडात सगळे दिसत होते. फक्त मीठ घातले आहे की नाही, एवढे दिसत नव्हते.

तो पळी हातात धरून उभा होता. मीठ घातल्याचे त्याला आठवत होते. पण ते आत्ताचे की काल कँटीनमधले, हे आठवत नव्हते. त्याने चमचाभर सूप जिभेवर घेतले, डोळे मिटले आणि वाट पाहिली. काहीतरी कळले. तापातून उठल्यापासून आठ महिने तो हेच म्हणत आला होता : चव येते आहे, हळूहळू येते आहे. त्याला भीती वाटली नाही. वाईटही वाटले नाही. अलीकडे ही दोन्ही पाहुणी त्याच्या दारावरून परस्पर पुढे जात.

कारखान्याच्या कँटीनमध्ये तो आचारी होता. दीडशे माणसे रोज त्याच्या हातचे जेवत आणि कोणी नावे ठेवत नसे. रोज साडेअकराला तो भांडी घासणाऱ्या मावशींपुढे वाटी धरी. “मावशी, बघा बरं.” मावशी चाखत, “चिमूटभर टाका” किंवा “पाणी वाढवा” म्हणत. एकदा त्या हसून म्हणाल्या होत्या, “पगार तुमचा आणि जीभ माझी. बरं चाललंय.” तोही हसला होता. नाही कळत, असे एकदा कबूल केले असते, तर हातातली पळी गेली असती.

रविवारी मात्र मावशी नसत. रविवारी आई त्याच्याकडे जेवायला येई. ती राहायची ताईकडे; पण तो एक दिवस लेकाचा. ताटात कण न ठेवता जेवे आणि “छान” म्हणे. त्या एका शब्दावर त्याचा पुढचा आठवडा निघे.

चार दिवसांपूर्वी ताईचा फोन आला होता. वर्षअखेरच्या सुट्टीत सगळे तिच्याकडे जमत. प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा, आणि यादी ताईच्या हातात.

“फळं आणतो,” तो म्हणाला होता.

“फळं काकू आणतायत.”

“मग पाव. चांगल्या बेकरीतला.”

“आचारी आहेस की पाववाला?”

“उकडलेली अंडी?”

“झालंय काय तुला? भोपळ्याचं सूप कर, आईला आवडतं.” मग ताईचा आवाज उतरला. “तिचे पाय पुन्हा सुजलेत रे. डॉक्टर म्हणतात, मीठ. मी तर घरात सगळं अळणीच करते. पोटात जातंय कुठून, तेच कळत नाही. तू जरा जपून घाल.”

“हो,” तो म्हणाला होता.

आता तो बरणीकडे पाहत होता. सूप अळणी झाले, तर टेबलावरचे सगळे एकमेकांकडे बघतील; आचाऱ्याला अळणी कळले नाही, याचा अर्थ एकच. थोडे जास्त झाले, तर हात सुटला म्हणतील आणि विसरतील. त्याने चमचा भरला आणि पातेल्यात उलटा केला. ऊन तोवर ओट्यावरून उतरून जमिनीवर गेले होते.

“या शेफसाहेब,” ताईच्या दारातच भाऊजी म्हणाले. “आता आमच्या बटाट्यांना कोण विचारतो.”

सूप सगळ्यांत आधी वाढले गेले. भाऊजींनी एक घोट घेतला, चमचा खाली ठेवला आणि पाण्याचा पेला एका दमात रिकामा केला. काकू रुमालात खोकल्या. ताईने ओठ भिजवले, आणि तिने त्याच्याकडे पाहिले नाही, आईकडे पाहिले.

आईचा वाडगा रिकामा झाला होता. तिने तो पुढे केला.

“अजून घाल,” आई म्हणाली. “छान झालंय. रविवारी असतं तसंच.”

ताईची नजर सावकाश टेबलाखाली गेली. तिच्यामागून त्याचीही गेली. आईचे पाय सपातांच्या पट्ट्यांबाहेर फुगून आले होते. घोट्याचे हाड कुठे असते, ते शोधावे लागले असते.

त्याने वाडगा काठोकाठ भरला. आईने हात पुढे केला. पण त्याने तो तिला दिला नाही. उभ्यानेच तोंडाला लावला आणि तळापर्यंत प्यायला. सगळे बघत होते. आई तेवढी आपल्या रिकाम्या हाताकडे बघत होती.

“कसं लागतंय?” ताईने हळूच विचारले.

त्याने शेवटचा घोट बराच वेळ तोंडात घोळवला.

“कोमट,” तो म्हणाला. आठ महिन्यांत त्याच्या जिभेला याहून जास्त काही कळलेले नव्हते.