ताशी चाळीस

कुंभार्ली घाट उतरताना दिनकररावांनी छाती धरली आणि मागच्या सीटवर ते बायकोच्या मांडीवर कलंडले.

“केतकी, गाडी पळव! बाबांना कसंतरीच होतंय!” शुभदा ओरडली.

“आई, इथे चाळीसचीच मर्यादा आहे.”

पुढे एक ट्रक रांगत होता. समोरून एकही गाडी येत नव्हती, तरी केतकी त्याच्यामागेच राहिली.

तीन वर्षांपूर्वी तिचा थोरला भाऊ मंदार मोटारसायकलची शर्यत लावताना गेला होता. लायसन्सच्या मेंदूचाचणीत केतकीतही थराराची तीच ओढ सापडली, तेव्हा शुभदाने शस्त्रक्रिया करून ती कायमची काढून टाकायला लावली. केतकी नको नको म्हणत रडली होती.

“अगं, बाप आहे तो तुझा!”

“कळतंय गं. पण धोका पत्करायचा म्हटलं की हातच उचलला जात नाही माझा.”

चिपळूणच्या दवाखान्यात डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि मान हलवली. दहा मिनिटं आधी आणलं असतं तर वाचले असते, म्हणाले.

केतकी आईजवळ येऊन बसली.

“आई, मी गाडी नीट चालवली ना?”

शुभदाने तिला जवळ घेतलं. “हो बाळा,” ती म्हणाली, “अगदी मी सांगितलं होतं तशी.”