मिठी मारा

आजोबांनी आजीला ओल्या केसांना धरून बाथरूममधून फरफटत बाहेर काढलं. बादली उलटली. आजीने त्यांच्या गळ्याला मिठी मारली, तशी त्यांनी तिच्या थोबाडीत लगावली. ती सोडेना, ते थांबेनात. बाबा मध्ये पडले, तर त्यांच्या नाकावर असं कोपर बसलं की रक्ताची धारच लागली. उभा जन्म पोहण्याच्या तलावावर काढलेले हात ते. डोकं विरघळलं होतं, दंड नाही.

आजीची आंघोळ म्हणजे रोजचं रणांगण झालं होतं. नात मोबाइलवर शोधायची, 'आजोबा विसरतात आणि मारतात, काय करावं'. डॉक्टरांनी गोळी वाढवली. अशाच रुग्णांच्या घरच्यांचा एक ग्रुप होता, तिथे कुणी म्हणालं, गाणी लावा. लावली. आजोबांनी तालात मारलं. शेवटी एका लेखात सापडलं, घाबरलेल्या माणसाला घट्ट मिठी मारा. तेव्हापासून आजी घट्ट मिठी मारत होती, आणि तिचा एक दात पडला होता.

"बास झालं," आत्या फोनवर म्हणाली. "उद्या सकाळी त्यांना न्यायला संस्थेची गाडी येतेय. आई जिवंत हवीय ना तुम्हाला?"

आजीने आजोबांचे सदरे पिशवीत भरायला घेतले.

एरवी नात आजोबा उठायच्या आत आवरायची. त्या सकाळी उशीर झाला. डोक्यावरून आंघोळ करून ती बाहेर पाऊल टाकते न टाकते, तोच केस मुठीत सापडले. गळ्याभोवती दंड आवळला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. लेखातलं एक अक्षर आठवलं नाही. अंगातलं अवसानच गेलं आणि ती नुसती लोळागोळा होऊन पडली.

एकही थप्पड बसली नाही. आजोबांनी तिला अलगद कुशीवर निजवलं, तोंडावरचे केस बाजूला केले, पाठीवर थोपटलं. खाली गाडीचा हॉर्न वाजला.

"शहाणी पोर," ते धापा टाकत म्हणाले. "अंग सैल सोडलंस, म्हणून काढता आलं तुला पाण्याबाहेर."

दारात आजी पिशवी घेऊन उभी होती, सुजलेल्या ओठांची. आजोबांनी तिच्याकडे बोट दाखवलं.

"त्या बाईला सांग जरा. रोज बुडते, आणि वाचवायला गेलं की गळ्यालाच मिठी मारते."