रथसप्तमीचं बोलावणं

दुसऱ्या मजल्यावर आईनं कठडा धरला आणि मागे न बघताच हात हलवला. इथंच थांब, असा त्याचा अर्थ. शेवटचा जिना ती एकटी चढत असे.

नीरजा थांबली. घड्याळ बघितलं. अठरा मिनिटं झाली होती.

केमो चालू असली तरी रोज अर्धा तास चालायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. कॉलनीच्या पार्कात चकरा मारायला आईनं साफ नकार दिला. काम नसताना गोल गोल फिरणं तिला वेडेपणाचं वाटे. मग नीरजानंच युक्ती काढली. यंदा हळदीकुंकवाचं बोलावणं व्हॉट्सॲपवर नको, पूर्वीसारखं घरोघर जाऊन करायचं. दिल्लीत आर. के. पुरमच्या त्यांच्या सेक्टरात मराठी घरं एकोणीस. रोज दोन-तीन. हे सोळावं. गेल्या सोमवारचा रिपोर्ट घरात कुणी मोठ्यानं वाचला नव्हता. पण चालणं एकही दिवस चुकलं नव्हतं, आणि नीरजा तेवढंच धरून होती.

वर बेल वाजली, दार उघडलं. लोकरीच्या टोपीत तू अगदी शाळकरी पोर दिसतेस, असं सुहासिनीकाकू म्हणाल्या. आई हसली.

तेवढ्यात नीरजाच्या लक्षात आलं, कुंकवाचा करंडा तिच्याच पिशवीत राहिला होता. ती भराभर वर गेली आणि दोन पायऱ्या उरल्या असताना थबकली.

"रविवारी पाच वाजता या," आई सांगत होती. "आणि पुढच्या वर्षी नीरजा बोलवेल. तिला जिने चढायचा कंटाळा आहे. नुसता फोन केला तरी या हं. मानपान काढत बसू नका."

काकू "अच्छा" म्हणाल्या.

नीरजाला आधीची पंधरा दारं आठवली. प्रत्येक वेळी ती खाली उभी राहून मिनिटं बघत होती. प्रत्येक दार आई खाली येईपर्यंत उघडंच राहिलं होतं.

आई वळली. नीरजाला बघून दचकली नाही. हात पुढे करून तिनं करंडा घेतला, काकूंना कुंकू लावलं आणि करंडा परत दिला.

"आज एवढं पुरे, आई. घरी जाऊ."

"का? अर्धा तास कुठे झालाय?"

दुपार होत आली तरी धुकं निवळलं नव्हतं. समोरच्या ब्लॉकमध्ये तळमजल्यावरच्या दाराशी आई धापा टाकत उभी राहिली. बेलकडे नेलेला हात तिनं खाली घेतला आणि बाजूला सरकली.

"हे तू कर," ती म्हणाली. "मी बघते, जमतंय का."

नीरजानं बेल वाजवली. आतून चपलांचा आवाज जवळ येऊ लागला. करंड्याचं झाकण तिला काही केल्या उघडेना.