समोरून दिसणारं गाव

"हेच का ते घर?" शहरबानूने नवऱ्याला विचारलं आणि खैरुद्दीनने मान डोलावली.

रास अल खैमाच्या वाळूत एका करमणूक-बागेने हे काउबॉयचं गाव उभारलं होतं. फाटकावर इंग्रजीत लिहिलं होतं, स्थापना १८७२. इथे म्हणे सोनं सापडलं, बँकेवर दरोडा पडला, शेरीफने एका विधवेशी लग्न केलं. खरं तर हे अख्खं गाव खैरुद्दीनने आणि त्याच्या जोडीच्या सुतारांनी चौऱ्याण्णव साली फळ्या ठोकून बनवलं होतं. त्याचा सगळा थाट रस्त्याच्या बाजूने. गुत्ता असो, बँक असो की डॉक्टरचं घर, पुढे रंगवलेली भिंत आणि मागून टेकू.

त्या डॉक्टरच्या ओसरीत उभं राहून खैरुद्दीनने फोटो काढला आणि बायकोला रत्नागिरीला पाठवला. कंपनीने दिलेलं घर, म्हणून. लेबर कॅम्पातली दुमजली खाट तिला काय दाखवायची! आपला माणूस सुखात आहे असं तिला वाटावं, एवढाच बिचाऱ्याचा हेतू.

तिनेही फोटो धाडले होते. गावी बांधलेलं नवं घर, गुलाबी रंग, चार खांब, दारावर त्याचं नाव. त्या घरापायी तो पाच वर्षं सुट्टीऐवजी सुट्टीचे पैसे घेत राहिला. फोटो उशाशी ठेवून झोपायचा.

आता तिच्या शारजातल्या भावाने तिला व्हिजिट व्हिसावर बोलावलं होतं, आणि कंपनीचं घर बघितल्याशिवाय ती ऐकेना. शेवटी बाग उघडायच्या आधी, सकाळीच तो तिला घेऊन आला.

"अम्मी कशी आहे?" त्याने आईची चौकशी करत उगीच वेळ काढला.

"आता हिंडते-फिरते. तिनंच मला पाठवलं." शहरबानू पायरी चढली. "दार उघडा ना."

"बानू, थांब जरा. आत..."

कडी नुसतीच अडकवलेली होती. तिने दार ढकललं. पलीकडे वाळू, दोन टेकू आणि दोरीवर वाळत घातलेली वॉचमनची लुंगी.

खैरुद्दीनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "खलास, बानू. खोटं बोललो तुझ्याशी. तुझ्या जिवाला घोर नको म्हणून." त्याचे डोळे भरून आले.

शहरबानू उंबऱ्यावरच बसली. हात धरून तिने त्याला शेजारी बसवलं. तिची नजर त्या लुंगीवर गेली. मग तिला हसू फुटलं, आणि हसता हसता रडू.

"अम्मीच्या ऑपरेशनाला घराचे पैसे लागले, ते मी तुम्हाला कळवलंच नाही," ती म्हणाली. "गावी आपलंही दार उघडलं की मागं नुसते माड दिसतात."